दिवाळीच्या सुट्टीत पहिला हिमालय ट्रेक : छोटा आणि सोपा कुठला?

रानजाई

नमस्कार मंडळी. सह्याद्रीत आम्ही गेली दहा-बारा वर्षं फिरतोय. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई दोन-तीनदा झालेत, उन्हाळ्याआधी एखादी घाटवाट होते. हिमालय मात्र मसुरीच्या मॉल रोडवरून पाहिला तेवढाच. या दिवाळीत तो पायी पाहायचा असं घरात ठरलंय.

आम्ही पाच जण. मी ४६, नवरा ५१ (रक्तदाबाची गोळी चालू आहे, दाब आटोक्यात आहे), लेक १४ वर्षांची, आणि आमच्याबरोबर चाळिशीतलं एक जोडपं. त्यातल्या मैत्रिणीचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. हातात नऊ दिवस आहेत, तेही घरापासून घरापर्यंत. ट्रेक छोटा आणि सोपा हवा, एवढीच अट.

जिथे पाहावं तिथे 'पहिल्या ट्रेकसाठी केदारकांठा' असं वाचायला मिळतंय. खरंच तोच करावा का? एखाद्या संस्थेबरोबर जावं की गावातला गाइड घेऊन आपलं आपण? आणि तयारी कधीपासून सुरू करू? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यवारा

केदारकांठाच करा. साडेबारा हजार फूट उंची, चार दिवसांत पायथ्याच्या सांक्री गावातून निघून परत सांक्री, आणि माथ्यावरून चारी बाजूंना शिखरं. सूर्य उगवताना वर असलो की स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ समोर पेटल्यासारखे दिसतात. तुम्ही हरिश्चंद्रगड करता म्हणजे दमसास आहे. जास्त विचार करू नका.

घाटवाट

केदारकांठा सुंदर आहे यात वाद नाही, पण त्याचं खरं रूप बर्फातलं. दिवाळीत तिथे बहुधा बर्फ नसतो. आणि नाताळाच्या आठवड्यात गेलात तर माथ्याखालच्या चढावर रांगेत उभं राहावं लागतं, मी राहिलोय. बर्फासाठीच जायचं असेल तर जानेवारीचा मधला किंवा फेब्रुवारी बघा.

देवदार

रानजाई, तुमच्या अटीतच एक मेख आहे, आधी तिच्याबद्दल लिहितो. हिमालयात 'छोटा' आणि 'सोपा' हे दोन शब्द एकत्र नांदतीलच असं नाही. बरेचदा ट्रेक छोटा केला की तो अवघड होतो. सह्याद्रीत आपल्याला याची सवय नसते, कारण तिथे उंचीचा प्रश्नच येत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचा सगळ्यात उंच माथा. सांक्री हे केदारकांठ्याच्या पायथ्याचं गाव १,९०० मीटरच्या पुढे आहे. म्हणजे तिथे जीपमधून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या डोक्यावरून वर गेलेले असता, आणि चालायला अजून सुरुवातही झालेली नसते.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वर गेलं तरी २१ टक्केच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात तुम्हाला दोन तृतीयांश माल मिळतो. शरीर यावर तोडगा काढतं, पण त्याला दिवस लागतात. तुम्ही रोज पाच किमी पळत असलात म्हणून ते दिवस कमी होत नाहीत. किंबहुना धडधाकट माणसं भराभर वर जातात आणि तीच आडवी होतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

म्हणून ट्रेक निवडताना माथ्याची उंची बघू नका. रात्री कुठे झोपणार त्या जागांची उंची एका कागदावर खाली-खाली लिहून काढा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये, असा डॉक्टर मंडळींचा सर्वसाधारण सल्ला असतो. केदारकांठ्याला दुसऱ्या रात्री जुडा तलाव, साधारण ९,१०० फूट. तिसऱ्या रात्री बेस कॅम्प, सव्वाअकरा हजारांच्या आसपास. एका दिवसात दोन हजार फुटांच्या वर, म्हणजे ६०० मीटरहून जास्त. बहुतेकांना ते झेपतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्या ५१ वर्षांच्या माणसासाठी मी हा तक्ता निवडणार नाही.

त्याऐवजी देवरियाताल–चोपता–तुंगनाथ–चंद्रशिला बघा. पहिली रात्र सारी गावात, साधारण २,००० मीटर. दुसरी देवरियातालला, २,४०० च्या थोडं वर. पुढच्या रात्री चोपत्याला किंवा त्याच्या अलीकडे, २,७०० च्या आसपास. माथ्याच्या, म्हणजे चंद्रशिलेच्या दिवशी बारा हजार फुटांपर्यंत जायचं आणि झोपायला परत चोपत्याला उतरायचं. वर चढा आणि खाली झोपा, हे इथे आपोआप साधतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. चोपत्याला डांबरी रस्ता आहे. कुणाला रात्री बरं वाटेनासं झालं तर गाडीत बसवून उखीमठला उतरवता येतं, आणि उखीमठ १,३०० मीटरवर आहे. तासा-दीड तासात तुम्ही उंची अर्धी करता. केदारकांठ्याच्या बेसवरून रात्री दोन वाजता आजारी माणूस खाली न्यायचा म्हणजे अंधारात, गोठलेल्या वाटेवर, दोघांच्या खांद्यावर.

सह्यवारा

देवदार, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इतकं घाबरवू नये असं मला वाटतं. इतकी माणसं दरवर्षी केदारकांठा करून सुखरूप येतात, त्यात साठीचेही असतात. आणि तुंगनाथच्या देवळापर्यंत फरसबंदी वाट आहे, खेचरं जातात, दर्शनाला येणाऱ्या आजीबाई जातात. त्याला ट्रेक म्हणायचं का?

देवदार

घाबरवायचं अजिबात नाहीये. केदारकांठा त्यांनी करावाच, दुसऱ्या खेपेला. आणि चोपत्यापासूनची साडेतीन-चार किमीची फरसबंदी ही शेवटची वाट झाली. सारीपासून चालत आलात तर त्याआधी पंधराएक किमीचं जंगल लागतं. ओक, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), मध्येच रोहिणी बुग्याल म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण, खाली आकाशकामिनी नदी. त्या दिवशी सह्याद्रीतल्या माणसालाही पाय जाणवतात.

ओढाकाठ

सहसा मी नुसती वाचते, पण या विषयावर लिहायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही केदारकांठ्याला गेलो. एका संस्थेबरोबर, नाव लिहीत नाही. रजा कमी म्हणून सगळ्यात आखूड कार्यक्रम निवडला. पहाटेचं विमान, दुपारपासून जीप, रात्री अकराला सांक्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चालायला सुरुवात. झोप जेमतेम पाच तास. माझ्या भावाने आदल्याच महिन्यात अर्धमॅरेथॉन पूर्ण केली होती. तो पुढे, आम्ही मागे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेसवर पोहोचलो. भाऊ म्हणाला डोकं जरा जड आहे, उन्हामुळे असेल. आम्ही फोटो काढत होतो. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत सगळे गोल बसलो. आमचा गाइड त्याच खोऱ्यातल्या गावचा, पस्तिशीचा असेल. तो वाढत नव्हता, बोलत नव्हता, हातात टॉर्च घेऊन आमच्या मागून फिरत होता. मला वाटलं काहीतरी शोधतोय. तो आमची ताटं बघत होता. भावाच्या ताटात डाळभात तसाच होता, वर गुलाबजाम, त्यालाही हात लावलेला नाही. गाइड खाली बसला आणि इतकंच म्हणाला, "भैया, मीठा भी नहीं?" मग त्याने त्याला उभं केलं, जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि तिच्यावरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. भाऊ सरळ चालला, तेवढं नशीब. रात्री दोनदा उलटी झाली. गाइडने त्याला एकटं झोपू दिलं नाही, दर तासाला येऊन बोलतं करत होता.

पहाटे तीनला बाकीचे माथ्याकडे निघाले आणि गाइडचा जोडीदार, भाऊ आणि मी खालच्या वाटेला लागलो. भाऊ रागावलेला होता, रडवेला झाला होता. जुडा तलावापाशी ऊन आलं. तिथल्या टपरीवर तो बाकावर बसला आणि स्वतःहून म्हणाला, दोन आम्लेट सांग. डोकेदुखी गेली होती.

त्या कार्यक्रमात फक्त एक दिवस जास्त असता, सांक्रीत नुसतं झोपायला आणि गावात फिरायला, तर कदाचित हे झालंच नसतं. नऊ दिवस असतील तर त्यातला एक दिवस काहीही न करण्यासाठी ठेवा. जेवताना एकमेकांच्या ताटाकडे बघत जा.

काजवा

अंगावर काटा आला वाचताना. त्या गाइडला नमस्कार.

शतावरी

मी भूलतज्ज्ञ आहे आणि स्वतः सात-आठ ट्रेक केलेत. इथे लिहिलेलं वाचून कुणी परस्पर औषधं घेऊ नयेत. आपल्या डॉक्टरांना विचारायला काय काय विचारावं, एवढ्यासाठी लिहिते.

ओढाकाठ यांच्या गाइडने जे केलं ते पुस्तकातलंच आहे. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून जाणं, चक्कर, यातलं काहीही असेल तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरायचं. वर जायचं नाही. तिथेच थांबायचं, बरं वाटेना तर उतरायचं. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, फेस येणारा खोकला, ही मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची लक्षणं. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, तत्क्षणी खाली न्यायचं. ऑक्सिजन आणि औषधं दिली तरी उतरणं टळत नाही.

ॲसेटाझोलामाइड म्हणजे आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो ती गोळी. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो. तुमच्या चोपत्याच्या तक्त्याला ती सगळ्यांना लागेलच असं नाही. लक्षणं दाबून वर जाण्यासाठी ही गोळी कधीही घेऊ नये. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर असेपर्यंत बंद.

यजमानांच्या रक्तदाबाबद्दल: उंचीवर दाब थोडा वाढतो. आटोक्यात असेल तर एवढ्यावरून कुणी नाही म्हणत नाही. पण डॉक्टरांना 'ट्रेकला जाऊ का' असं मोघम विचारू नका. 'बारा हजार फुटांपर्यंत जाणार, रात्री नऊ हजारांच्या आसपास झोपणार, रोज पाच-सात तास चालणार' असं सांगून विचारा. गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असेल तर वर पाणी कमी पडू शकतं, तेही विचारा. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत आणि अर्ध्या दोन बॅगांमध्ये ठेवायच्या, एक बॅग हरवली तर दुसरी राहते.

लेक १४ वर्षांची आहे. या वयात मुलं 'मला काही होत नाहीये' म्हणतात. तिला आधीच सांगून ठेवा की डोकं दुखलं तर सांगायचं, आणि तिच्यामुळे सगळे परत फिरले तरी कुणी रागावणार नाही. हे घरीच बोलून घ्या.

पाऊलखुणा

संदकफूचा विचार केलात का? पश्चिम बंगालमधलं सर्वोच्च ठिकाण, ३,६३६ मीटर. तंबू लागत नाही, वाटेत घरगुती लॉज आहेत, गरम जेवण मिळतं. आकाश मोकळं असेल तर कांचनजंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही एका नजरेत. पायथ्याच्या मानेभंजन गावापासून जुन्या लँड रोव्हर वर जातात, त्यामुळे कुणी थकलं तर सोय आहे. दिवाळीत हवा अगदी स्वच्छ असते.

देवदार

संदकफू फारच देखणा आहे. फक्त तिथे माथ्यावरच झोपावं लागतं, ३,६०० मीटरवर. त्यामुळे टुमलिंग आणि कालिपोखरी असे दोन्ही मुक्काम करत चालतच जा, जीपने एका दिवसात वर जाऊ नका. न्यू जलपायगुडीचा प्रवास धरला तर नऊ दिवस ताणले जातात.

घाटवाट

बाकीची नावं येतीलच, म्हणून चटकन लिहितो. फुलांची दरी दिवाळीत नको. उद्यान ३१ ऑक्टोबरला बंद होतं आणि फुलं जुलै-ऑगस्टची. चारच दिवस असतील तर पंतवाडीहून नाग टिब्बा, दहा हजार फुटांच्या किंचित खाली. हम्ता पास चौदा हजारांच्या वर, पहिल्या खेपेला नको. दयारा बुग्याल मात्र नक्की विचारात घ्या. रैथल गावातून चढायचं, गवताचा उतार इतका मोठा की माणसं ठिपक्यांसारखी दिसतात. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, त्यामुळे तंबू खाली जंगलाच्या कडेला लागतात. हे चांगलंच झालं. ते गवत उगवायला वर्षानुवर्षं लागतात आणि शंभर तंबूंखाली एका हंगामात मरतं.

रानजाई

इतकं मनापासून लिहिलंत, सगळ्यांची आभारी आहे. रात्री आम्ही पाचही जण बसलो आणि मी देवदार यांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर तीन ट्रेकच्या झोपायच्या जागा लिहिल्या. नवऱ्याने तो कागद पाहिला आणि चोपत्यावर बोट ठेवलं. लेकीला केदारकांठा हवा होता. ओढाकाठ, तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. मग काही बोलली नाही.

आता पुढचं. संस्था की गाइड? तयारी? आणि एक प्रश्न आम्हा दोघी बायकांचा: पाळी आली तर काय, आणि तिथे शौचाची काय व्यवस्था असते?

निळीखिंड

बायकांचं मी सांगते. सारी आणि चोपत्याला खोल्या आहेत, शौचालयं आहेत, पाणी मात्र बर्फासारखं. जंगलातल्या मुक्कामाला खड्डा खणून वर छोटा तंबू लावतात. रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून मी पूर्वी संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायची, आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायचं. असं करू नका. पाणी प्या, टॉर्च उशाशी ठेवा आणि बाहेर जाताना शेजारणीला उठवा. त्या वेळी वर आकाश कसलं असतं ते जाऊनच बघा.

उंची, थंडी आणि दगदग यांनी पाळी मागेपुढे होते, त्यामुळे तारीख नसली तरी सामान बरोबर ठेवा. ती पुढे ढकलायची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण काही हार्मोनच्या गोळ्यांनी रक्त गोठायचा धोका वाढतो. वापरलेले पॅड आणि ओले रुमाल तिथे पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. घट्ट झाकणाची पिशवी न्या, वर्तमानपत्रात गुंडाळा, थोडा खायचा सोडा टाका म्हणजे वास येत नाही, आणि खाली शहरापर्यंत आणा. देवरियातालच्या मागच्या झाडीत मी जे पाहिलंय ते लिहिवत नाही. त्या तळ्यात सकाळी चौखंबा शिखर उलटं दिसतं, आणि शंभर पावलांवर हे.

पाऊलखुणा

तयारीबद्दल. आठ आठवडे धरा. पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस झपझप चालणं आणि जिने. पुढचे चार आठवडे पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन तेच. ४० मिनिटांत पाच किमी सहज होऊ लागले की दम पुरेसा. शनिवार-रविवारी एक गड, आणि त्यात उतारावर लक्ष द्या. चढताना फुप्फुसं दमतात, ती बसलं की भरून येतात. उतरताना गुडघे दमतात आणि ते तीन दिवस बोलत राहतात. मैत्रिणीने आत्ताच हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून मांड्यांचे व्यायाम विचारून घ्यावेत, आणि दोन काठ्या घ्याव्यात, एक नको.

बूट आजच घ्या, अर्धा नंबर मोठा, जाड मोजे घालून. महिनाभर घरात, बाजारात, गडावर तेच घाला. नवे बूट थेट सारीत घातलेत तर दुसऱ्या दिवशी टाचा सोललेल्या असतील. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि थांबलात की तेच अंगावर गार होतं. आतून सिंथेटिक किंवा लोकर, वर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, आणि वारापाऊस अडवणारा एक थर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं, त्यावरून हिशेब करा. दिवाळीत चोपत्याला रात्री पारा शून्याच्या आसपास येतो.

झोपताना बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. सकाळी तेच प्यायला होतं. फोन आणि बॅटऱ्याही आतच, थंडीत त्या बसतात.

सह्यवारा

संस्था की गाइड, याबद्दल मी लिहितो. पहिल्यांदाच जाताय तर संस्थेचा फायदा असा की तंबू, जेवण, परवाने यांची काळजी नाही. युथ हॉस्टेल असोसिएशनच्या मोहिमा आपल्या कितीतरी मराठी घरांचा पहिला हिमालय असतो, बेस कॅम्पवर एक-दोन दिवस सरावाला देतात, हे त्यांचं फार चांगलं. पण पाच जणांचा घरचा गट आहे आणि सारी आणि चोपत्याला खोल्या आहेत, तर सारीतलाच गाइड घ्या. पैसे गावात राहतात. तुमच्या वेगाने चालता येतं. आणि देवदार, एक दिवस थांबायचा निर्णय त्या पाच जणांच्या हातात राहतो, हे तुमच्याच मुद्द्याशी जुळतं. मोठ्या गटात एकासाठी तीस जण थांबत नाहीत.

देवदार

अगदी पटलं. गाइडशी फोनवर बोलताना एकच विचारा: 'एखाद्याला त्रास झाला तर काय करता?' जो लगेच 'खाली आणतो, गाडी अमक्याची आहे' असं सांगेल तो घ्या.

वेळापत्रक असं ठेवा. शनिवारी विमानाने देहरादून, मुक्काम ऋषिकेश. रविवारी पहाटे पाचला निघा, डोंगरातला प्रवास उजेडात संपवायचा. वाटेत देवप्रयागला थांबा, भागीरथी आणि अलकनंदा दोन रंगांनी येतात आणि काही अंतर तशाच शेजारी-शेजारी वाहतात. रुद्रप्रयागला मंदाकिनी. संध्याकाळी सारी. सोमवारी फक्त देवरियाताल, अडीच-तीन किमी, मुद्दाम सावकाश. मंगळवारी जंगलातून चोपता. बुधवार रिकामा. गुरुवारी तुंगनाथ आणि चंद्रशिला, परत चोपता. शुक्रवार राखीव, हवा बिघडली तर. शनिवारी ऋषिकेश, रविवारी घर. मैत्रिणीचा गुडघा मंगळवारी नको म्हणाला तर तिला सारीतून गाडीने चोपत्याला पाठवा, ती सोय आहेच.

तुंगनाथाची कवाडं बंद व्हायची तारीख विजयादशमीला जाहीर होते आणि साधारण दिवाळीच्या मागेपुढे असते. त्यानंतर देव मक्कूमठला उतरतात. दर्शन हवं असेल तर ती तारीख बघूनच तिकिटं काढा. रेल्वेने जाणार असाल तर आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीत त्याच सकाळी बसावं लागेल. उखीमठच्या पुढे एटीएमवर विसंबू नका, रोख न्या.

रानजाई

काल रात्री परत आलो. धागा वर काढते, कारण पुढच्या कुणाला उपयोग होईल.

मंगळवारचं जंगल आम्हाला आठ तास लागले. गुडघ्याच्या मैत्रिणीने गाडीने जायला नकार दिला आणि दोन काठ्यांवर पूर्ण वाट चालली, संध्याकाळी गुडघा सुजला नाही. बुधवारी चोपत्याला नवऱ्याचं डोकं धरलं. जेवला नीट, उलटी नाही, पण दुखत होतं. शतावरी, तुम्ही लिहिलेलं लेकीला पाठ झालं होतं. तिनेच सांगितलं, बाबा, उद्या वर नाही. गाइडही तेच म्हणाला. मग गुरुवार आम्ही सगळ्यांनीच चोपत्यात काढला, बाहेर खुर्च्या टाकून उन्हात. दुपारपर्यंत त्याचं डोकं उतरलं.

शुक्रवारचा राखीव दिवस असा कामी आला. पहाटे साडेतीनला निघालो. तुंगनाथाचं दार आदल्या आठवड्यातच बंद झालं होतं, बाहेरूनच हात जोडले. नवरा तिथेच थांबला, त्याचा स्वतःचा निर्णय. आम्ही चौघं चंद्रशिलेवर पोहोचलो तेव्हा नंदादेवीच्या मागे नुसती एक तांबडी रेघ होती. लेकीला हातमोजे काढून फोटो घ्यायचा होता, बोटं इतकी आखडली होती की फोनचं बटण दाबता येईना. मग तिने फोन खिशात ठेवला. खाली आलो तर नवरा देवळाच्या भिंतीशी ऊन खात बसला होता, शेजारी पुजाऱ्यांचा कुत्रा.

तयारीतलं एक चुकलं. पाच जणांत सात किलो खाऊ नेला होता, त्यातला चार किलो परत आणला, उगाच पाठीवर वागवला. आणि हातमोजे दोन जोड हवेत, एक पातळ, एक जाड. ते या धाग्यात कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहिते.

ओढाकाठ

सगळे सुखरूप आलात, फार बरं वाटलं. भावाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, सारीतल्या गाइडचा नंबर मिळेल का?

रानजाई

व्यक्तिगत निरोपातून पाठवते.